कैनाडची माडी

१

चुरीबाई रिक्षातून उतरल्या तेव्हा घराचे दार सताड उघडे होते आणि आत कोणीही बोलत नव्हते.

कैनाडच्या त्या चिकूच्या वाडीत भर दुपारचे ऊनसुद्धा जमिनीपर्यंत पोहोचत नसे. फांद्या एकमेकींत अशा गुंतलेल्या, की खाली सदैव हिरवट काळोख साचून राहिलेला. तो ओलांडून चुरीबाई ओट्यावर चढल्या, छत्री मिटली आणि उंबऱ्यातच थबकल्या.

जिन्याच्या तळाशी त्यांचे वकील ठाकोरभाई आडवे पडले होते. पांढरा शर्ट छातीपर्यंत भिजलेला. शेजारी फुटक्या मडक्याच्या खापऱ्या. आंबूस वास खोलीभर पसरला होता. घराचा मालक दीपेश त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसला होता.

"काकी, बरं झालं आलात," तो म्हणाला. "ॲम्ब्युलन्सला फोन केलाय. वकीलसाहेब घर बघायला वर निघाले होते, पण… वास येतोय ना तुम्हाला?"

ठाकोरभाईंनी डोळे उघडले. तोंड एका बाजूला वाकडे झाले होते. त्यांनी चुरीबाईंकडे पाहिले नाही, दीपेशकडेही नाही. त्यांची नजर जिन्यावरून वर चढत गेली आणि तिथेच खिळली.

"माडी," ते कसेबसे म्हणाले. "माडी…"

"बघा," दीपेश खिन्नपणे हसला. "अजून माडीच मागताहेत."

चुरीबाईंनी वर पाहिले. जिन्याच्या शेवटी माडीचे दार अर्धे उघडे होते. पानही हलत नव्हते. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते दार अगदी सावकाश, जणू कोणी श्वास रोखून लोटावे तसे, बंद झाले.

२

कुमुदिनी चुरी हे नाव आजवर कोणत्याही दारावर लागले नव्हते. माहेरी वडिलांची पाटी होती. संसारात नवऱ्याच्या नोकरीची क्वार्टर्स, त्यांना नुसते क्रमांक. आता बोईसरच्या फ्लॅटवर मुलाचे आणि सुनेचे नाव होते, आणि बाईंच्या वाट्याला इस्त्रीचे टेबल ठेवलेली खोली. डहाणूच्या शाळेत आयुष्यभर व्याकरण शिकवलेल्या या बाईने मनाशी एक निश्चय केला होता, की डोळे मिटायचे ते स्वतःच्या छपराखाली. कैनाडच्या घराचे साठेखत झाले आणि त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या नावाची सागवानाची पाटी कोरून घेतली. ती टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवली होती. खरेदीखत व्हायचे तेवढे बाकी होते.

आणि नेमका तेव्हाच वकील माडी पिऊन जिन्यावरून पडावा!

डॉक्टरांनी अर्धांगवायू म्हटले. वाचा गेली, एवढा एकच शब्द उरला. चुरीबाईंना वाईट वाटले, पण व्यसनी माणसाबद्दल त्यांच्या मनात जी अढी बसे ती डॉक्टरांच्या निदानाने सुटणारी नव्हती. त्या रुग्णालयात गेल्या नाहीत.

"काकी, व्यवहार असा अर्ध्यात लटकलेला बरा नाही," दीपेश फोनवर म्हणाला. तो कामाधंद्यासाठी वापीला राहत असे. "दुसरं गिऱ्हाईक विचारतंय. मी त्यांना नाही म्हणतोय ते तुमच्याकडे बघून. माझ्या ओळखीचा एक तरुण वकील आहे, नितीन. झटपट काम."

चुरीबाईंनी वकील बदलला. ठाकोरभाईंच्या घरी जाऊन ना-हरकत आणि कागदपत्रे आणण्याचे कामही नितीननेच केले. चुरीबाई त्या पायरीवर चढल्या नाहीत.

"टायटल एकदम क्लिअर आहे, मॅडम," नितीनने फाइल मिटत सांगितले. "घर दीपेशभाईंच्या वडिलांच्या नावावर. ते गेले. आई मणीबा, त्याही गुजरातेत बहिणीकडे असताना गेल्या. दोघांचे दाखले आहेत. वारस एकटे दीपेशभाई. ठाकोरभाईंनी उगाच ताणलं होतं."

"ताणलं म्हणजे काय केलं?"

"काही नाही हो. 'आधी घर पाहून येतो, मग पुढचं' असा हट्ट. घराला काय बघायचं? वकिलाने कागद बघावेत."

चुरीबाईंनी छत्री उचलली. पण ठाकोरभाईंनी घर पाहिले होते, आणि ते पाहून खाली आलेला माणूस त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

३

साफसफाईसाठी दीपेशने घराची किल्ली देऊन ठेवली होती. चुरीबाई एकट्याच गेल्या.

बैठकीच्या भिंतीवर दोन तसबिरी होत्या. डावीकडे दीपेशचे वडील, उजवीकडे मणीबा: डोक्यावर पदर, नाकात चमकी, ओठ घट्ट मिटलेले. दोन्ही तसबिरींना चंदनाच्या कातरणाचे सारखेच हार. वडिलांच्या हारावर धुळीचा थर होता. मणीबांचा हार जमिनीवर पडला होता.

चुरीबाईंनी तो उचलला, झटकला आणि पुन्हा घातला.

दुसऱ्या खेपेला हार जमिनीवर होता. तिसऱ्या खेपेला खाली नव्हे, तर खिडकीच्या कट्ट्यावर नीट गुंडाळून ठेवलेला सापडला.

"मॅडम, डहाणूला शिकवून असं विचारता?" नितीन फोनवर हसला. "गेली कित्येक वर्षं इथं जमीन हलतेच आहे. तलासरीकडे धक्का बसला की आमच्या ऑफिसातल्या काचाही वाजतात. हार पडणारच."

"आणि गुंडाळून कट्ट्यावर बसणार?"

नितीनने दुसरा फोन आल्याचे सांगून बोलणे संपवले. त्याआधी बाईंना स्वतःलाच एक गोष्ट सुचली होती, आणि ती सुचल्यापासून मान अवघडल्यासारखी झाली होती. एकाच भिंतीवर, तसल्याच खिळ्यावर लटकणारा वडिलांचा हार एकदाही पडला नव्हता. हे कसले धक्के, जे फक्त बायकोलाच बसतात?

संध्याकाळी मुलाचा, तुषारचा फोन आला. "आई, सगळीकडे बोभाटा झालाय. त्या घरात दीपेशची आई फिरते म्हणे. वकिलाची वाचा तिला बघूनच गेली. सोडून दे ना तो नाद. इथे काय कमी आहे तुला?"

"इस्त्रीचे टेबल तेवढे जास्त आहे," चुरीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पण दुसऱ्या दिवशी त्या वाडीत पोहोचल्या तेव्हा त्यांचा हात छत्रीवर नेहमीपेक्षा घट्ट होता. दार उघडताच वरून आवाज आला. कडी कुरकुरल्याचा. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा.

"कोण आहे?" वर्ग शांत करणारा तो आवाज घरभर घुमला. कुरकुर थांबली.

त्या जिना चढल्या. छत्रीच्या टोकाने दार ढकलले. माडी रिकामी होती. मधोमध टांगलेला लाकडी झोपाळा मात्र रिकामा असूनही हलत होता, हळूहळू, दमत आलेल्या माणसासारखा. कोनाड्यातल्या समईची वात विझली होती, पण तिचा धूर अजून उभा होता. मागच्या बाजूने वाडीत उतरणारा लाकडी जिना, त्याचे दार नुसते लोटलेले.

झोपाळ्याखाली एक पितळी वाटी होती. तिच्यात काळ्याभोर, ओल्या चकाकत्या बिया, आणि चिकूच्या साली. साली अखंड होत्या. आतला गर चमच्याने तळापर्यंत खरवडून काढलेला, आणि साल छोट्या पेल्यासारखी शाबूत.

चुरीबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. पण शिक्षिकेचे डोळे भीतीतही वाचत राहतात. त्यांनी त्या सालीला बोट लावले. साल मऊ होती.

४

वाडीची राखण हाल्या आणि त्याची बायको गंगी करत. मागे कुडाच्या घरात दोघे राहत. गंगी झाडांखाली पाने ओढत होती.

"गंगी, माडीवर कोण होतं आत्ता?"

"कोण नाय, बाय."

"झोपाळा हलत होता."

गंगीचा खराटा थांबला. तिने बाईंच्या पायांकडे पाहिले. "पायताण घालून वर गेलात?"

"गेले असेन. का?"

"नका जाऊ. मणीबाला नाय चालत. पायताण घालून माडीवर पाय ठेवला का ती लई रागावते."

एवढे बोलून गंगी पाने ओढत दूर निघून गेली, जरा घाईनेच. चुरीबाई तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या. त्या वाक्यात काहीतरी खटकले होते. वहीतली चूक नजरेला टोचते पण बोट ठेवता येत नाही, तसे.

हाल्या ताडाच्या बुंध्याशी नवे मडके धूत बसला होता.

"ह्यात काय, हाल्या?"

"अजून काय नाय. उद्या भरंल. माझा चांगला मडका त्या दिवशी फोडला ना! हितं झाडाखाली ठेवला व्हता मी. दीपेशशेठ बोलतो, वकिलानं पिली. मंग पिली तर पिली, मडका घरात कशाला न्यायाचा?"

"माणसाला माडीचा मोह झाला की तो कुठेही नेतो," बाई कोरडेपणाने म्हणाल्या.

हाल्या खो खो हसला. "माडी? वो बाय, माड हाय का हितं एक तरी? हा ताड हाय, ताड! ताडाची ताडी. माडी पायजे तर किनाऱ्याला जावा, नारळाच्या झाडाखाली." त्याने मडके उपडे घातले. "आन् वकील डहाणूचाच ना? त्याला येवडं नाय कळत?"

चुरीबाई हसल्या नाहीत. शर्टावर सांडली होती ती ताडी. तोंडात होती माडी. ज्या माणसाची अख्खी हयात या दोन झाडांच्या गावात गेली, तो ताडी पिऊन माडी कशी मागेल?

म्हणजे ठाकोरभाई मागत नव्हतेच. ते काहीतरी सांगत होते. आणि ते ऐकून घ्यायच्या ऐवजी कुमुदिनी चुरी यांनी वकील बदलला होता.

त्यांनी रिक्षावाल्याला हाक मारली. "डहाणू. ठाकोरभाई वकिलांच्या घरी."

५

दार ठाकोरभाईंच्या पत्नीने, जयवंतीबेननी उघडले. क्षणभर त्या दारातच उभ्या राहिल्या.

"आलात?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुमच्याकडून फक्त माणूस येते कागद न्यायला."

चुरीबाईंनी तो टोला सरळ उभे राहून घेतला. "माझे चुकले, जयवंतीबेन. मला त्यांना भेटायचे आहे."

"या. बसा." राग आवाजातून उतरला नाही, पण पाण्याचा पेला आला. "सगळे बोलतात माझा माणूस दारू पिऊन पडला. चाळीस वर्षांचा संसार आमचा, घरात सुपारीसुद्धा नाही. मी कोणाकोणाला सांगू?"

ठाकोरभाई उशीला टेकून बसले होते. उजवा हात निर्जीवपणे मांडीवर पडलेला. चुरीबाईंना पाहताच डोळे लकाकले.

"माडी," ते म्हणाले. आणि डावा हात पुढे झुकवून त्यांनी बाजेखालची हवा स्पर्शली, मग तीच बोटे कपाळाला लावली.

"माडीवर काय पाहिलंत? खोली? झोपाळा?"

मान जोरजोरात नकारार्थी हलली. "माडी!" पुन्हा हात खाली, पुन्हा कपाळाला.

"दिवसभर असंच करतात," जयवंतीबेननी पदराने त्यांची हनुवटी पुसली. "मी बोलते, माताजीचं नाव घेतात, घेऊ दे."

"माताजी?"

"हा ना. आम्ही गुजरातीमध्ये देवीला माडी म्हणते. आईला पण म्हणते."

चुरीबाईंनी पेला खाली ठेवला. "मग ते आपल्या आईला हाक मारत असतील?"

"नाही, बेन. ते आईला बा म्हणायचे. कायम बा. माडी कोणाला म्हणतात, ते मला पण नाही माहीत."

खोलीत पंखा फिरत होता. चुरीबाईंना तो ऐकू येईनासा झाला. त्यांच्यापुढे एकाच शब्दाचे तीन अर्थ फळ्यावर लिहिल्यासारखे उभे होते. माडी म्हणजे पिण्याची. ती तिथे नव्हतीच. माडी म्हणजे वरचा मजला. पण मजल्याच्या कोणी पाया पडत नाही. माडी म्हणजे आई.

आणि मग वाडीतले ते खटकलेले वाक्य आपणहून समोर येऊन उभे राहिले. मणीबाला चालत नाय. मणीबा रागावते. 'चालत नसे' नाही, 'रागवायची' नाही. ज्या घरात भूत असल्याची बोंब साऱ्या तालुक्यात होती, त्या घरच्या गंगीच्या बोलण्यात भूतकाळच नव्हता.

६

गंगी ओट्यावर तांदूळ निवडत होती. चुरीबाई तिच्याजवळ जाऊन टेकल्या. दोन-चार खडे त्यांनीही वेचून बाजूला टाकले. मग बाईंनी, सहज शेजारणीची चौकशी करावी तसे विचारले,

"मणीबा जेवली का गं आज?"

"जेवली की, जराशी पेज…"

गंगीचा हात तोंडावर गेला. तांदूळ सुपातून ओट्यावर सांडले.

"तसबिरीचा हार तूच काढतेस ना?"

गंगीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "जित्या माणसाला कोण हार घालतं, बाय? त्याचं आविष्य कमी व्हतं. शेठ घालून जातो, मी काढते. तुमी घातला, मी काढला. माझ्यानं बघवत नाय."

"कुठे आहे ती?"

"हाल्यासंगं दुपारच्या एसटीनं परत गेली, सायवनला. माझ्या भावाच्या घरी." शब्द एकदा वाट फुटल्यासारखे बाहेर पडू लागले. "शेठ बोलला, घराची दुरुस्ती करायची हाय, म्हातारीला तिकडं ठेव. कोणाला सांगितलंस तर तुमचं झोपडं उपटून फेकीन. मंग एक दिवस तसबीर आनली, हार आनला. माझं पाय गळलं. पन म्हातारीला घराची ओढ. ऐकत नाय. एसटीनं आनते मी, शेठ नसला का. दिवा लावते, झोपाळ्यावर बसते, चिकू खाते. दात नायत ना, चमच्यानं खरवडते. कोणाची चाहूल लागली का मी मागच्या जिन्यानं खाली नेते."

"आणि त्या दिवशी शेठ वकिलांना घेऊन अचानक आला."

"वकील वर चढला. म्हातारी झोपाळ्यावर. तो बघतच राह्यला. एकदम ओरडला, माडी! पाया पडाया वाकला, तो वाकला तसाच मागं गेला, जिन्यावरनं खाली…" गंगीने डोळे मिटले. "शेठ धावत आला. मला वाटलं, वकिलाला उचलंल. तो वर आला आदी. आमाला दोघींना आत ढकललं, हिला परत आनली तर बघ बोलला. मंग खाली गेला, हाल्याचा मडका आनला."

"आणि ॲम्ब्युलन्स?"

"ती त्याच्या मागनं. तुमी आलात तवा मी दाराआडनं बघत व्हते, तुमी वर बघितलं आन् लोटलं."

चुरीबाई उठल्या. त्यांनी पदर खोचला.

"उद्या पहिल्या एसटीने मणीबांना घेऊन ये. झोपडे कोण उपटतो ते मी बघते."

७

रजिस्ट्रार कचेरीत जाण्याआधी घरात एकदा भेटू, असा निरोप चुरीबाईंनी पाठवला होता. दीपेश आणि नितीन आले. दीपेशच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

"काकी, आजपासून घर तुमचं!"

"आधी एक काम करा," चुरीबाई म्हणाल्या. त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि मणीबांचा हार त्यांच्या मांडीवर होता. "हा सारखा पडतो. तुम्ही मुलगा आहात. तुमच्या हाताने घाला, म्हणजे राहील."

दीपेशने हसत हार घेतला. त्याने तो तसबिरीवर चढवला.

वरच्या मजल्यावर कडी कुरकुरली.

नितीनने छताकडे पाहिले. दीपेशने पाहिले नाही. तो पेढ्यांचा पुडा सोडू लागला.

"धक्का असेल," नितीन पुटपुटला.

"जिवंत माणसाचा धक्का आहे, नितीन," चुरीबाई म्हणाल्या. "तुम्ही कागद वाचलेत. ठाकोरभाई घर वाचायला आले होते. हार वडिलांचा कधी पडत नाही, आईचाच पडतो. कारण तो कोणीतरी काढतो, आणि हार फक्त जिवंत माणसाच्या तसबिरीवरून काढतात. माडीवर चिकूच्या साली होत्या, खरवडलेल्या, ताज्या. दात असलेला माणूस चिकू असा खात नाही आणि भूत मुळीच खात नाही. वकिलांच्या अंगावर ताडी होती आणि तोंडात माडी. म्हणजे ताडी दुसऱ्याने ओतली. आणि तो शब्द उच्चारताना त्यांचा हात प्रत्येक वेळी कोणाच्या तरी पायांकडे जातो. दीपेश, तुम्ही आईला काय म्हणता?"

"मम्मी," दीपेशच्या तोंडून नकळत गेले.

"म्हणून तुम्ही निर्धास्त होतात, की 'माडी' म्हणजे तुमची आई हे कोणाला कळणार नाही. आम्ही मराठी माणसे माडी म्हटले की मजला नाहीतर मडके बघणार, हे तुम्ही ओळखले होते."

वरून आवाज आला, जुना, चिरका, पण धारदार. "दीपेश? पायताण काढलं का?"

गंगीच्या खांद्यावर हात टेकत मणीबा एकेक पायरी उतरत होत्या. तसबिरीतली तीच चमकी, तेच घट्ट मिटलेले ओठ. दारातून आलेल्या हिरवट उजेडात त्या खाली येताना पाहून नितीनने नकळत भिंतीचा आधार घेतला. मणीबा शेवटच्या पायरीवर थांबल्या आणि भिंतीकडे बघू लागल्या. आपल्या तसबिरीकडे. तिच्यावरच्या हाराकडे.

दीपेश दाराकडे एक पाऊल सरकला.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारले.

"तू ऐकतच नव्हतीस!" दीपेश एकदम फुटला. "किती वेळा सांगितलं, विकून टाकू, वापीला चल. तुझं एकच, हे घर, हे घर! एकटी भुतासारखी बसून राहायचीस इथं!"

"भूत तिचे तुम्ही केलेत," चुरीबाई म्हणाल्या. "आणि जिन्याखाली एक माणूस पडला असताना त्याला उचलण्याआधी तुम्ही आई लपवली, मग मडके शोधले. त्या वेळात ठाकोरभाईंची वाचा गेली असेल की नसेल, हे आता डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. तेवढे मात्र तुम्हाला जन्मभर ऐकू येईल."

नितीनने फाइल बगलेत मारली होती, ती आता टेबलावर ठेवली. "मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं. मी दाखला बघितला आणि…"

"वय वाढेल तसे घरही बघत जा."

मणीबा तसबिरीपाशी गेल्या होत्या. हात पोहोचत नव्हता. गंगी पुढे झाली तशी त्यांनी तिला थांबवले आणि मुलाकडे पाहिले. दीपेशने खाली मान घालून हार काढला.

"पोलिसात जायचं का, मणीबा?" चुरीबाईंनी विचारले. "शब्द तुमचा."

"जायचं," मणीबा म्हणाल्या. "पण आधी ह्याने ज्या कचेरीतून मला मारलं, तिथं मला घेऊन जावं. सर्वांसमोर सांगावं, ही माझी आई, जिवंत आहे. मला जिवंत केल्याशिवाय मी फिर्याद तरी कशी करू?"

८

डहाणूला ठाकोरभाईंच्या खोलीत मणीबा शिरल्या तेव्हा जयवंतीबेन दारातच थिजल्या. ठाकोरभाई मात्र थिजले नाहीत. त्यांनी डावा हात पुढे केला, आणि या वेळी बोटांना हवा नव्हे, पाय सापडले.

"माडी," ते म्हणाले आणि रडू लागले.

"शाळेत असताना ह्याची आई आजारी होती. दुपारचा रोटला माझ्याकडे खायचा, तेव्हापासून मला माडी म्हणतो," मणीबा त्यांच्या विरळ केसांवरून हात फिरवत म्हणाल्या. "मी गेले असं ऐकल्यावर विश्वास बसला नसेल. बघायला आला. बघ, आहे मी."

चुरीबाईंनी पिशवीतून कागदपत्रांची फाइल काढून बाजेवर ठेवली. "ठाकोरभाई, साठेखत रद्द करायचे आहे. वकील माझे तुम्हीच. घाई नाही. तुम्हाला बोलता येईपर्यंत मी थांबेन."

परतताना रिक्षा कैनाडच्या वाडीपाशी थांबली. चुरीबाईंनी किल्ली मणीबांच्या हातात ठेवली. संपले होते. बोईसर, इस्त्रीचे टेबल, दुसऱ्यांची पाटी. त्यांनी पाठ ताठ केली आणि रिक्षावाल्याला निघण्याची खूण केली.

"थांब रे," मणीबा म्हणाल्या. मग चुरीबाईंकडे वळून, "घर मी विकणार नाही. मरेपर्यंत नाही."

"मी मागणारही नाही."

"पण माडी रिकामी आहे."

चुरीबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिले. "मी कोणाच्या उपकारावर राहत नाही, मणीबा."

"उपकार कसला? गंगी संध्याकाळी आपल्या घरी जाते. मला एकटीला भय वाटतं." सुरकुत्यांमध्ये ओठ पहिल्यांदाच सुटले. "सगळे सांगतात, इथं भूत आहे."

चुरीबाई लगेच हसल्या नाहीत. ती त्यांची रीत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा काखेत टॉवेलात गुंडाळलेले काहीतरी होते. मणीबांची तसबीर भिंतीवरून उतरवलेली होती. तिच्या जागी फिकट चौकोन उरला होता, आणि त्याच्या वरच्या टोकाला खिळा तसाच होता.

"तिथे लाव," मणीबा झोपाळ्यासाठी जिना चढता चढता म्हणाल्या. "आणि पायताण खाली काढ."

चुरीबाईंनी पायताण काढले, टॉवेल सोडला, आणि सागवानाची पाटी त्या खिळ्यावर अडकवली.